ओळीची वही

लष्करातल्या आमच्या गल्लीचं मूळ नाव गोटेवाल्यांची ओळ.
ग्वाल्हेरच्या जिभेला ळ वळत नाही,
म्हणून झाली गोटा ओली.
नावापुरतीच ओली.
नळ पहाटे पाऊण तास, धार करंगळीएवढी.

दिघ्यांच्या दिगंबरनं टेप लावली तेव्हा कळलं,
देवळाच्या ओट्यापाशी रुंदी सात फूट दोन इंच.
बंबाची आठ.
म्हणजे बंब येणार, तोंडाशी उभा राहणार,
आणि पुढची एकशे चाळीस पावलं
आपली आपण धावायची.

मग पथक झालं, अकरा जणांचं.
शब्बीर वेल्डर, कारण आग त्याच्या ओळखीची.
कुशवाहांची रजनी, कारण ती तीन जिने एका दमात चढते.
दिगंबर, कारण टेप त्याची.
लाल बादल्या आल्या, वाळू आली.
आठ दिवसांत वाळूत विड्यांची थोटकं, पानाच्या पिंका,
एका बादलीत तर मांजर व्याली.
शब्बीर दर शुक्रवारी वाळू चाळतो,
शिव्या देत, पण चाळतो.

मला पाइप उचलवत नाही.
मला वही दिली: कोण कुठे झोपतं.

शिसपेन्सिलीनं लिहा, म्हणाला शब्बीर,
झोप शाईनं लिहायची गोष्ट नव्हे.
उन्हाळ्यात अख्खी ओळ गच्चीवर,
पौषात खाली, दारं लावून, शेगडीसकट.
(शेगडी बाहेर ठेवा हो, हे सांगायलाही मीच.)
लोक सिलिंडर दाखवतात, मीटर दाखवतात,
बिछाना दाखवताना थबकतात.
नवरा माडीवर, बायको ओट्याखाली, अकरा वर्षं.
माहेरी गेली म्हणतात ती सून मागच्या खोलीत.
एक आजोबा आतून कुलूप लावतात.
मी का म्हणून विचारलं नाही.
लिहिलं: किल्ली उशीखाली, डावीकडे.

गोट्याच्या दुकानाचे सेठ म्हणाले, रात्री कोणी नसतं. निरंक लिहा.
लिहिलं.
निघताना पोटमाळ्याच्या शिडीशी चप्पल दिसली, पाच नंबरची.
सेठचा पाय नऊ.
मी पानाच्या कोपऱ्यात एक टिंब दिलं. फिकट.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री, ऐन लग्नसराईत,
कूलरची वायर.
गोटा जळण्याआधी चमकतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.
शटरच्या फटीतून सोनेरी उजेड,
वाटलं, शिवण चाललीय उशिरापर्यंत.
मग वास.

बंब आला, तोंडाशी उभा राहिला.
आमची माणसं पाइप ओढत धावली.
सेठ बनियनवर, हात जोडून,
आत कोणी नाही, माल जाऊ द्या, कोणी नाही.
टॉर्चखाली वही उघडली.
निरंक. कोपऱ्यात टिंब.
शब्बीर, पोटमाळा, म्हटलं.
एवढंच.
टिंबाच्या भरवशावर माणूस आगीत धाडायचा असतो का,
हे मी अजून रात्री उठून विचारते, भिंतीला.

त्यानं कुलूप तोडलं.
रजनी शेजारच्या गच्चीवरून उतरली, अंगावर ओलं पोतं.
पोराला बाहेर आणलं तेव्हा तो खोकत होता,
हातात चप्पल, एकच.
नाव लखन, भिंडकडचा, तेराचा.
सेठ बंबाकडे पाहत होते.

टिंब खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.
त्यावर: लखन, शब्बीरकडे, पुढची खोली, दाराजवळ.

काल तो वही चाळत होता, अक्षर अक्षर लावत.
मौसी, आपका कहाँ है?
पाहिलं, तर खरंच,
अख्खी ओळ वहीत, माझंच घर नाही.
लिख, म्हटलं. जिन्याखालची खोली. अकेली.
त्यानं लिहिलं,
शेवटच्या शब्दाशी पेन्सिल चावत थांबला,
आणि शब्बीरच्या दारापासून माझ्या दारापर्यंत
किती पावलं होतात
ते मोजायला उठला.